मिसरीच्या डब्यावर काय लिहावं?

मंडळाच्या मागच्या बैठकीला मी काकांच्या ट्रंकेत सापडलेला एक पत्र्याचा डबा घेऊन गेलो होतो. आत निपाणीच्या वखारीतल्या काही पावत्या, बिडीच्या बंडलांवरची रंगीत लेबलं आणि सिगारेटची चार-पाच रिकामी पाकिटं. काका तंबाखूच्या वखारीत मुनीम होते आणि कुठलाही कागद टाकून द्यायचा नाही ही त्यांची सवय. सगळ्यांनी लेबलं हातात घेऊन पाहिली. कुणाला छपाई आवडली, कुणाला वाघ आणि हत्ती. मग आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी हल्लीचं एक पाकीट शेजारी ठेवलं. त्यावर रोगाचं ते मोठं, बघवत नाही असं चित्र. ते म्हणाले, "काय दशा केली बघा! तंबाखू वाईट हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग हे छापायची गरजच काय? उद्या विळीवरही लिहितील, बोट कापेल म्हणून."

सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र जाणवलं की त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. म्हणून हे टिपण.

तंबाखूचं गाव

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. निपाणी हे बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं गाव. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यात निपाणीही गेली. बाजारपेठ मराठी बोलणारी, सरकार कन्नड लिहिणारं आणि धंदा तंबाखूचा. इथली तंबाखू प्रामुख्याने बिडीची. देशात बिडीच्या तंबाखूचे जे दोन मोठे पट्टे गणले जातात, त्यातला एक गुजरातेतला चरोतर आणि दुसरा हा आपला निपाणीचा.

गावात शिरलं की आधी वास यायचा. आम्हाला तो वास वाटतच नसे, पाहुणे मात्र शिंकायला लागायचे. वखारींत बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या, पाखडायच्या. नाकातोंडावर पदर बांधूनसुद्धा संध्याकाळी थुंकी तपकिरी यायची. नव्या बाईला पहिले काही दिवस चक्कर आणि उलट्या व्हायच्या. "तंबाखू लागली" म्हणायचे. पुढे सवय व्हायची.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस चिकोडी तालुका कामगार महासंघाने या बायकांना संघटित केलं. कामाचे तास, मजुरी, मुकादमांची दादागिरी यांवर त्या लढल्या. त्यांच्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ मध्ये माहितीपटही केला. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी बळी गेले. मी तेव्हा शाळेत होतो. तंबाखूवर आमचा किती संसार उभा होता ते त्या दिवसांत दिसलं. तेव्हा तंबाखूबद्दल बोलताना मी कुणा परक्या खलनायकाबद्दल बोलत नाही. माझी शाळेची फी याच वखारीतून आली आहे.

आत्तीचा प्रश्न

आमच्या घरात वडिलांची थोरली बहीण राहायची. आम्ही तिला आत्ती म्हणत असू. ती मिसरी लावायची. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, त्याची पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा आणि मध्ये कधी जीव कासावीस झाला तर आणखी एकदा. गुलाबाचं चित्र असलेला एक पत्र्याचा डबा होता, त्यात ती मिसरी असायची. भाजताना घरभर ठसका लागायचा, पण कुणी काही बोलत नसे, कारण शेजारच्या चार घरांतही तेच होतं.

१९७८ च्या आसपासची गोष्ट. मी नुकतंच इंग्रजी वाचायला शिकलो होतो आणि दिसेल ते वाचून दाखवायचो. काकांचं सिगारेटचं पाकीट घेऊन बाजूची बारीक ओळ मी मोठ्याने वाचली. आत्तीने विचारलं, "काय लिवलंय रं त्यात?" मी सांगितलं, "सिगारेट ओढणं आरोग्याला घातक आहे."

आत्ती म्हणाली, "बरं झालं बाबा. मी कुटं सिगारेट वडतीया?"

आणि तिने बोट डब्यात घातलं.

कितीतरी वर्षं हा किस्सा मी गंमत म्हणून सांगत आलो. आज नीट पाहिलं की वाटतं, तिने कायदा अगदी बरोबर वाचला होता.

कायद्याने कुणाला सावध केलं

काकांच्या पाकिटावरची ती ओळ १९७५ च्या सिगारेटविषयक केंद्रीय कायद्याने आली आणि १९७६ पासून छापली जाऊ लागली. कायद्यातली 'सिगारेट'ची व्याख्या कागदात गुंडाळलेल्या तंबाखूपुरती होती, बिडी तिच्यातून स्पष्टपणे वगळलेली. खायची तंबाखू आणि मिसरी यांचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय इशारा पाकिटावर जी भाषा असेल त्या भाषेत. सिगारेटची पाकिटं इंग्रजीत, म्हणून इशारा इंग्रजीत. म्हणजे सावध केलं ते शहरातल्या, थोडं इंग्रजी जाणणाऱ्या, बंद पाकीट घेणाऱ्या माणसाला. निपाणीत तंबाखू पिकवणारा, चाळणारी, बिडी वळणारी, मिसरी लावणारी, यांपैकी कुणालाही नाही.

त्याच १९७६ साली बिडीवर दुसरा एक कायदा आला, तो कामगार कल्याणाच्या उपकराचा. त्यातून बिडी कामगारांसाठी दवाखाने आणि मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि ते चांगलंच झालं. पण एकाच सुमारास सिगारेटला इशारा मिळाला आणि बिडीला उपकर, हा योग विसरण्यासारखा नाही.

आता तुम्ही म्हणाल, इशारा नसला म्हणून काय, लोकांना कळत नव्हतं का? इथेच सामान्य ज्ञानाचा मुद्दा येतो. आत्तीला तंबाखूबद्दल पुष्कळ कळत होतं. जास्त खाल्ली की गरगरतं, ओलं पान दिवसभर हाताळलं की मळमळतं, लहान पोराने तोंडात घातली तर ओकाऱ्या होतात. हे सगळं खरं होतं. पण तिच्या त्याच सामान्य ज्ञानात हेही होतं की मिसरीने दात बळकट होतात, दाढेचा ठणका थांबतो आणि शौचाला साफ होतं. ठणका खरंच थोडा वेळ बधिर व्हायचा, म्हणून तर विश्वास बसला. तिच्या दृष्टीने मिसरी हे व्यसन नव्हतं, दंतमंजन होतं. हा समज इतका पक्का आणि इतका सर्वदूर होता की तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर केंद्र सरकारला १९९२ साली बंदी आणावी लागली.

विळी आणि मिसरी

आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांच्या विळीकडे परत येतो. विळीवर इशारा नको, हे मला मान्यच आहे. बोट कापतं ते त्याच क्षणी, रक्त येतं, आई ओरडते आणि धडा कायमचा बसतो. निखारा, उकळता चहा, काटेरी कुंपण, सगळ्यांचं तसंच. कारण आणि परिणाम शेजारी-शेजारी असले की माणसाला शिकवायला कागद लागत नाही. अशा वस्तूंवर उगाच सूचना छापत गेलं तर लोक वाचणंच सोडून देतात, हा त्यांचा आक्षेपही रास्त आहे.

मिसरीचं तसं नाही. सुरुवात अठराव्या वर्षी आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा पन्नाशीत. मधल्या तीस वर्षांत माणूस हजार गोष्टी खातो-पितो. शिवाय सगळ्यांनाच रोग होत नाही. प्रत्येक गल्लीत नव्वदीची एक म्हातारी असते, जन्मभर तंबाखू खाऊन ठणठणीत. तिच्याकडे बोट दाखवून बाकीचे निर्धास्त होतात. एका घराच्या, एका गल्लीच्या अनुभवातून हा संबंध लागतच नाही. तो लावायला शेकडो आजारी माणसांची शेकडो निरोगी माणसांशी तुलना करावी लागते.

हे काम आपल्याकडे फार आधी सुरू झालं होतं. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवरचा डॉल आणि हिल यांचा गाजलेला ब्रिटिश अभ्यास १९५० चा. तंबाखू ओढणं व चघळणं आणि तोंड-घसा-अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध मांडणारा संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला १९५५ साली. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मुंबई निपाणीहून एका रात्रीच्या एस.टी. प्रवासाइतकी दूर. ते ज्ञान मात्र आत्तीच्या डब्यापर्यंत चाळीस वर्षांत पोहोचलं नाही. ज्ञान असणं आणि ते वापरणाऱ्याच्या हातात असणं, या दोन गोष्टींतलं अंतर भरून काढायला इशारा असतो.

विजापूरहून निघालेला वाद

हा वाद नवीन नाही. त्याची एक जुनी नोंद आपल्या शेजारच्याच विजापूरशी जोडलेली आहे. अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबारात गेला होता. परतताना त्याने तिथून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेली आणि १६०४ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. तंबाखू पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेली. दख्खनला ती ठाऊक झाली होती, आग्र्याला नवीन होती. असद बेगनेच लिहून ठेवलं आहे की अकबराने झुरका घेतला तेव्हा हकिमाने हरकत घेतली. या औषधाची परीक्षा झालेली नाही, आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, मग बादशहांनी ते का घ्यावं? असद बेगचं उत्तर असं की पहिल्यांदा प्रत्येकच गोष्ट नवीन असते. बादशहाला ते पटलं. त्याने स्वतः पुढे तंबाखू ओढली नाही, पण सरदारांत तिचा प्रसार झाला आणि व्यापारी ती आणू लागले. जहांगिराने १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला, तोवर तंबाखू लोकांत मुरली होती.

मला या प्रसंगात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. बादशहाला सावध करायला हकीम जवळ उभा होता. बाजारात तंबाखू घेणाऱ्याजवळ कुणी नव्हतं.

'सगळ्यांना माहीत होतं' हे कोण म्हणतं

सामान्य ज्ञानाचा युक्तिवाद आणखी एका ठिकाणी फार जोरात झाला, तो अमेरिकेतल्या न्यायालयांत. तिथे १९६४ साली सर्जन जनरलचा अहवाल आला आणि १९६६ पासून सिगारेटच्या पाकिटांवर सौम्य शब्दांत इशारा छापला जाऊ लागला. कंपन्यांनी जाहीरपणे अनेक वर्षं हेच सांगितलं की धोका अजून सिद्ध झालेला नाही. १९९४ साली सात बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की निकोटीनचं व्यसन लागतं असं आपल्याला वाटत नाही. पण आजारी ग्राहक न्यायालयात गेला की त्यांचे वकील म्हणत, सिगारेट वाईट हे तर सगळ्यांना माहीतच होतं, पाकिटावर छापलेलंही होतं, त्यानेच स्वतःच्या मर्जीने ओढली. म्हणजे दुकानात 'सिद्ध नाही' आणि न्यायालयात 'सर्वांना ठाऊक'.

यातून मी दोन धडे घेतो. एक, 'हे कुणालाही कळतं' असं म्हणणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे ते पाहावं. दोन, बारीक अक्षरातला मोघम इशारा ग्राहकापेक्षा विकणाऱ्याचंच रक्षण करतो. त्यामुळे तो काय सांगतो, कुणाच्या भाषेत आणि किती मोठ्याने, यावर सगळं अवलंबून आहे.

विंचू आणि इतर चित्रं

आपल्याकडे सगळ्या तंबाखू पदार्थांना एकत्र धरणारा कायदा २००३ मध्ये झाला. बिडी, जर्दा, तपकीर, सगळं त्यात आलं. चित्रमय इशाऱ्यांचे नियम २००६ मध्ये निघाले. कवटी आणि हाडांच्या चिन्हावरून मोठा विरोध झाला, बिडी उद्योग त्यात पुढे होता. २००७ मध्ये कायद्यात बदल झाला, तारखा पुढे गेल्या आणि अखेर ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेवर चित्र आलं. ओढायच्या तंबाखूवर फुप्फुसं आणि खायच्या तंबाखूवर विंचू.

विंचवाने इथे भलताच गोंधळ केला. आमच्याकडे लेबलावरचं चित्र म्हणजे छाप. वाघ छाप, हत्ती छाप. न वाचणारा माणूस चित्र दाखवूनच माल मागतो. मग विंचू आला तर ती नवी छाप झाली! आमच्या कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीवर मी स्वतः एका म्हाताऱ्याला म्हणताना ऐकलं आहे, "ती विंचवाची दे." इशारा लिहिणाऱ्याला वाटलं विंचू म्हणजे विष. घेणाऱ्याला वाटलं, माल जहाल आहे.

पुढे चित्रं बदलली. विंचवाऐवजी रोग झालेलं तोंडच दिसू लागलं, आणि १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा इशाऱ्याला मिळाली. त्याविरुद्धचे देशभरातले दावे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे आले. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने तो ८५ टक्क्यांचा नियम रद्द ठरवला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणून ते चित्र आज आमच्या सभासदांच्या हातातल्या पाकिटावर आहे. त्याच वर्षी सप्टेंबरपासून सोडू इच्छिणाऱ्यांसाठी मदतवाहिनीचा क्रमांकही छापला जाऊ लागला. जिथे दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून भांडणं होतात, त्या आमच्या सीमाभागात या चित्राचं भाषांतर करावं लागत नाही, हाही एक फायदाच.

उपयोग होतो का? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतीय अहवालानुसार, इशारा पाहून सोडण्याचा विचार केला असं सांगणारे सिगारेट ओढणाऱ्यांत ६२ टक्के, बिडी ओढणाऱ्यांत ५४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांत ४६ टक्के होते. विचार केला म्हणजे सोडली असं नव्हे. पण हे उतरते आकडे मला ओळखीचे वाटतात. १९७५ च्या कायद्याने जो क्रम लावला होता, तोच हा. बिडी सुटी घेतली की बंडल दुकानातच राहतं. मिसरी घरी भाजली तर छापायला पाकीटच नाही.

प्रदर्शनातली चिठ्ठी

आत्तीला १९९३ साली तोंड उघडता येईना. आधी दाढ असेल म्हणून तिने त्यावर आणखी मिसरीच लावली. मग मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तंबाखूचा विचारला तेव्हा ती चक्क रागावली. "मी कसलंबी व्यसन करत न्हाई," म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

ते काकांचं पाकीट वाचून दाखवणारा मीच होतो. मी बारा-तेरा वर्षांचा होतो, मला दोष देण्यात अर्थ नाही, हे मला कळतं. पण त्या ओळीत 'तंबाखू' हा एक शब्द असता, तर मी तो वाचला असता आणि तिने तो ऐकला असता. तिने मिसरी सोडली असती का? कदाचित नसती. निदान ठरवायची संधी तिला मिळाली असती. इशाऱ्याकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

यंदा मंडळ निपाणीच्या तंबाखू व्यवसायावर छोटं प्रदर्शन भरवतंय. वखारीचे तराजू, पावत्या, लेबलं जमली आहेत. ज्यांच्या घरी जुन्या हजेरीवह्या, वखारीतल्या बायकांचे फोटो किंवा १९८१ च्या आंदोलनाची पत्रकं असतील, त्यांनी ती पाहायला द्यावीत, आम्ही प्रती काढून परत करू. आत्तीचा गुलाबाचा डबाही मी ठेवणार आहे. प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी हवी असा आपला नियम आहे. माझी चिठ्ठी मी लिहून दिली आहे आणि आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांनी ती वाचून, काही न बोलता, यादीत घेतली:

"मिसरीचा डबा. निपाणी, अंदाजे १९७०. रोज तीन-चार वेळा दात घासण्यासाठी वापरात. मिसरी ही तंबाखूच आहे. तिने तोंडाचा कर्करोग होतो."